बाल्कनी कुणाला दाखवायला?

मुंबई-ठाण्यात ज्याने बिल्डरने दिलेली बाल्कनी पहिल्याच वर्षी आत घेऊन हॉल वाढवला आणि उरलेल्या तुकड्याला ग्रिल ठोकून तिथे कपड्यांच्या दोऱ्या बांधल्या, तोच माणूस क्रूझची खोली निवडताना म्हणतो, "बाल्कनी नसेल तर जाण्यात अर्थ काय?" घरी आयुष्यभर जिची अडगळ झाली ती जहाजावर तीन रात्रींसाठी जीवनावश्यक होते. अशा माणसाला पोर्टहोलची खोली सुचवून बघा. नाक मुरडून विचारतो, "ती वॉशिंग मशीनच्या दारासारखी गोल काच? त्यातून काय दिसणार?"

समुद्र दिसणार, काका. दुसरं काय बघायला निघाला होतात?

मी गोल काचेची बाजू घेणार आहे, आणि आवाज खाली ठेवून घेणार नाही. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या साधारण मध्यावरची पोर्टहोलची खोली ही तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार प्रवाशाला मिळू शकणारी सगळ्यात शहाणी खोली आहे. एजंट ती मनापासून विकत नाही, कारण त्याला त्यात फारसं सुटत नाही. आपण ती मनापासून घेत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही. या दोन कारणांपलीकडे तिच्याविरुद्ध जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

आधी या धंद्याची रचना बघा. जहाजावरच्या खोल्यांच्या चार पायऱ्या असतात: आतली, म्हणजे इनसाइड, खिडकीची, म्हणजे ओशन व्ह्यू, मग बाल्कनी, मग स्वीट. स्वीटवाल्यांचे लाड काही जहाजांवर वेगळे असतात, ते सोडा. बाकी तिघं एकाच बुफेसमोर थाळी घेऊन उभे असतात, एकाच थिएटरात तोच जादूगार बघतात, पोहण्याच्या त्याच तलावात उतरतात, आणि टिपांपोटी रोज माणशी साधारण तेवढीच रक्कम भरतात. फरक फक्त भिंतीला पाडलेल्या भोकाचा. कितीतरी जहाजांवर आतली खोली आणि गोल खिडकीची खोली मापालाही सारखी असते. पलंग तोच, कपाट तेच, हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल असं न्हाणीघरही तेच.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला दर आतल्या खोलीचा असतो, आणि तो 'माणशी, दोघं राहिल्यास' असतो. तुम्ही फोन करता. एजंट म्हणतो, "मॅडम, इनसाइडमध्ये गुदमरल्यासारखं होतं हो." म्हणून तुम्ही खिडकीवर जाता. मग तो घसा खाकरतो. "आता एवढं वर आलाच आहात, तर थोडेच जास्त घालून बाल्कनी मिळतेय. शेवटच्या दोनच उरल्यात." ते 'थोडेच' पुन्हा माणशी असतं, त्यावर कर असतो, आणि चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्या लागत असतील तर त्या थोड्याचं काय होतं हे घरी कॅल्क्युलेटरवर कळतं. पोर्टहोल या संवादात फक्त पाय ठेवून वर चढायला असतं.

शेवटच्या दोनच उरल्यात, हे वाक्य खोटं असतं असं मी म्हणत नाही. 2021 पासून मुंबईहून सुटून ज्या जहाजाने अनेक मराठी घरांना क्रूझची पहिली ओळख करून दिली, ते एम्प्रेस 1990 साली फ्रान्समध्ये सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं आहे. तेव्हा त्याचं नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं. बाल्कन्यांची लाट पुरती यायच्या आधीचं ते जहाज, त्यामुळे त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. अशा जहाजावर बाल्कन्या संपत आल्या म्हणून घाबरून पैसे भरणाऱ्याने एवढंच विचारावं, की मुळात होत्या किती?

बाल्कनी हा सगळा अलीकडचा उद्योग आहे. 1984 साली रॉयल प्रिन्सेस हे जहाज आलं. साउथॅम्प्टनला डायनाच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, आणि त्याची मोठी जाहिरात ही होती की आतली खोली एकही नाही, सगळ्या खोल्यांना बाहेर बघायला खिडकी. बाल्कनीही तिथे बऱ्याच खोल्यांना दिली गेली. त्याआधी ती चैन महागड्या स्वीटांपुरती होती. एकदा कळलं की भिंतीऐवजी सरकतं दार बसवलं की भाडं वाढवता येतं, की मग जहाजांच्या बाजू चाळीच्या गॅलऱ्यांनी भरून गेल्या. आणि लोभाला थांबा नसतो. 2009 च्या ओएसिस ऑफ द सीजवर तर बाल्कन्या जहाजाच्या पोटात उघडतात: खाली बाग, समोर समोरच्यांची बाल्कनी. समुद्रावर जाऊन समोरच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले स्विमसूट बघायचे, आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे. असलं डोंबिवलीत फुकट होतं.

त्याहून पुढची पायरी खोट्या खिडकीची. 2011 मध्ये आलेल्या डिस्ने ड्रीमवर आतल्या खोल्यांना गोल पडदे बसवले: बाहेर कॅमेरा, आत चित्र, मधूनमधून पडद्यावर कार्टूनमधलं एखादं पात्र येऊन हात हलवून जातं. पोरं खूश. तीन वर्षांनी रॉयल कॅरिबियनने आतल्या खोलीच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत पडदा लावून त्याला 'व्हर्च्युअल बाल्कनी' म्हटलं. टीव्हीवर समुद्र बघण्यासाठी माणूस समुद्रावर जातो, ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले होते. आता हसत नाही, कारण त्या खोल्यांनाही गिऱ्हाईक आहे.

खरं तर मराठी माणसाला पोर्टहोल नवं नाही. 8 जुलै 1910 रोजी मार्सेच्या बंदरात पी अँड ओ कंपनीच्या मोरिया बोटीवरच्या शौचकूपाच्या पोर्टहोलमधून सावरकर समुद्रात उतरले, पोहत धक्क्यावर चढले, फ्रेंच भूमीवर पकडले गेले आणि पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिले गेले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि 1911 च्या फेब्रुवारीत निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आपल्यापैकी बहुतेकांनी हे लहानपणीच ऐकलेलं असतं. भूमध्य समुद्रातल्या क्रूझ बऱ्याचदा मार्सेला थांबतात; आपली मंडळी धक्क्यावर उभी राहून एकमेकांना ती उडी सांगतात, डोळे पाणावतात, सेल्फी होतो. आणि जहाजावर परतल्यावर पोर्टहोल बघून म्हणतात, इतक्या लहान खिडकीचा उपयोग काय.

तेव्हाची पोर्टहोलं उघडत, हा मात्र मोठा फरक आहे. वातानुकूलन यायच्या आधी तांबड्या समुद्रात खोलीची भट्टी होई, तेव्हा वारा आत वळवायला पोर्टहोलबाहेर पत्र्याचा अर्धगोल लावत. उघडणाऱ्या खिडकीची किंमतही मोजावी लागली. 1915 च्या मे महिन्यात पाणतीराचा मारा बसल्यावर लुसिटानिया 18 मिनिटांत बुडाली; उघड्या राहिलेल्या पोर्टहोलांतून शिरलेल्या पाण्याने बुडण्याला वेग दिला, असं अभ्यासक मानतात. आजच्या प्रवासी जहाजावरचं पोर्टहोल पक्कं बंद असतं. "खिडकी उघडते का?" हा प्रश्न दर सहलीत कुणीतरी टूर लीडरला विचारतंच. नाही, आजी, उघडत नाही, आणि ते तुमच्याच भल्यासाठी आहे.

गोल का, हेही कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं जुन्या पद्धतीची शोभा. जहाजाचं अंग लाटेवर सतत वाकत असतं. कधी मधून उचललं जातं, कधी दोन्ही टोकांवर तोललं जातं. त्या पत्र्यात चौकोनी भोक पाडलं की सगळा ताण कोपऱ्यांवर गोळा होतो, आणि तडा तिथून निघतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांपैकी कित्येकांना तडे गेले, आणि त्यांतले अनेक डेकवरच्या मालखान्याच्या तोंडांच्या चौकोनी कोपऱ्यांपासून सुरू झाले होते. गारठ्यात ठिसूळ होणारं पोलाद आणि वेल्डिंगचे सांधे यांनी उरलेलं काम केलं. गोलाला कोपरा नाही, म्हणून तो ताण वाटून घेतो. वरच्या मजल्यांवर मोठाली चौकोनी तावदानं चालतात, कारण ते मजले मुख्य अंगावर नंतर चढवलेले असतात. सरळ बोलायचं तर बाल्कनीवाला जहाजाच्या डोक्यावर ठेवलेल्या हॉटेलात राहतो. पोर्टहोलवाला जहाजात राहतो.

आणि ही गोल काच कुठेही मनाला येईल तिथे बसवता येत नाही. 1966 च्या आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारानुसार तिची खालची कड उन्हाळी भाररेषेच्या, म्हणजे भरलेलं जहाज जिथवर पाण्यात बुडू द्यायचं त्या रेषेच्या, वर निदान 500 मिलिमीटर, किंवा जहाजाच्या रुंदीच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी असावी लागते. प्रवाशांच्या खोल्या प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच वर असतात. अगदी खालच्या ओळीतल्या पोर्टहोलांना आतून बिजागरीचं धातूचं झाकण असतं. समुद्र खवळला की कर्मचारी येऊन ते लावून जातात, आणि तेवढा वेळ तुमची खिडकीची खोली आतली खोली होते. यावरून रिसेप्शनवर जाऊन पैसे परत मागणारे वीर आहेत. त्यांनी 2022 ची एक घटना लक्षात ठेवावी. नोव्हेंबरच्या अखेरीस अंटार्क्टिकाहून परतणाऱ्या वायकिंग पोलारिस या कोऱ्या जहाजावर एक मोठी लाट आदळली, खालच्या मजल्यावरच्या काही खोल्यांच्या मोठ्या काचा आत ढकलल्या गेल्या आणि एका अमेरिकी महिलेचा जीव गेला. अरबी समुद्र डिसेंबरात तसा वागत नाही, हे खरं. पण खाली, पाण्याजवळ, मोठी काच हवी म्हणणाऱ्याला काच कशासाठी असते आणि भिंत कशासाठी, हे कुणीतरी सांगायला हवं.

आता पोटाचा मुद्दा, कारण आपल्याकडे शेवटी सगळं तिथेच येतं. बोट लागणं हा प्रकार ज्याने भोगला आहे त्याला देखाव्याचं कौतुक उरत नाही. जहाज आडवं डोलतं तेव्हा त्याचा अक्ष साधारण पाण्याच्या पातळीच्या आसपास असतो. जितकं वर जाल तितका हेलकावा मोठा. उभं उसळतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, मधला भाग सगळ्यात कमी. हल्लीच्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते आडवं डोलणं बरंच कमी करतात, उसळण्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. डोलणं आणि उसळणं, दोन्हींचा हिशेब लावला तर कमीत कमी हलणारी खोली कुठली, ते शाळकरी पोरगंही सांगेल: खाली आणि मध्ये. म्हणजे नेमकी तीच, जी विकत घ्यायला लोक लाजतात. वरच्या मजल्यावर पुढच्या कोपऱ्यातली बाल्कनी घेणारा माणूस जास्त पैसे देऊन जास्त हलतो, आणि मग बायकोच्या पर्समधल्या आवळासुपारीवर आणि आलेपाकावर दिवस काढतो.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर बाल्कनी घेतली होती. त्याचं वर्णन घरात अजून चालू आहे. पहिल्या सकाळी कठड्यावर चहाचा कप, मागे निळं पाणी, असा फोटो सगळ्या ग्रुपांवर आला. त्यानंतर मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या दमट हवेत सरकतं दार उघडं ठेवायची कुणाची छाती झाली नाही. शेजारच्या बाल्कनीत, पार्टिशनच्या पलीकडे, एक गृहस्थ दुकानाचा हिशेब फोनवर मोठ्याने करत होते. म्हणून दार बंद, पडदा ओढलेला, आणि आत मराठी मालिका डाउनलोड करून आणलेली. "पण बाल्कनी ती बाल्कनीच," असं जाऊबाई म्हणतात. मी विचारलं, "किती वेळ बसलात?" त्या म्हणाल्या, "बसायचं काय त्यात? असली की बरं वाटतं." याला माझ्याकडे उत्तर नाही. हौसेला मोल नसतं, पण जहाज कंपनीने लावलेलं असतं.

कुणी नॉर्वेचं नाव काढेल. "अहो, फ्योर्डमध्ये तरी बाल्कनी हवीच!" गायरांगर फ्योर्डचंच घ्या. तिथे एका कड्यावरून सात धारांचा धबधबा कोसळतो, त्याला सात बहिणी म्हणतात, आणि समोरच्या कड्यावर एकटाच धबधबा आहे तो त्यांना मागणी घालणारा. दोघं समोरासमोर. बाल्कनीत बसलात तर एका वेळी एकच बाजू दिसते: बहिणी तरी, नाहीतर तो बिचारा तरी. सगळ्यात वरच्या मोकळ्या डेकवर जा, दोन्ही दिसतात, आणि त्या डेकवर आतल्या खोलीवाल्यालाही तितकाच हक्क आहे. किनाऱ्यालगत, भर दिवसा, थंड हवेत चालणाऱ्या प्रवासात बाल्कनीला थोडाफार अर्थ आहे, हे मी मान्य करते. अलास्का, नॉर्वे. पण मुंबई-गोवा? जहाज संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून निघतं, तासाभरात अंधार पडतो, सकाळी मुरगाव. मुरगाव हे कोळसा आणि लोहखनिज हाताळणारं बंदर आहे. तिथे धक्क्याला लागल्यावर बाल्कनीतून काय दिसेल, याची चौकशी पैसे भरण्याआधी करावी.

या मार्गावर विचारायचा खरा प्रश्न एकही एजंट सांगत नाही: कोणती बाजू? दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि मावळता सूर्य, डाव्या हाताला कोकणचा किनारा. परतताना उलटं. बऱ्याच जहाजांवर सम क्रमांकाच्या खोल्या एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात, तेव्हा नंबर कळला की बाजू काढता येते. मी एकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, समुद्र सगळीकडून सारखाच." समुद्र विकणाऱ्या माणसाचं समुद्राबद्दलचं ज्ञान हे एवढं.

पोर्टहोलमधून दिसतं काय, तर पाणी दिसतं, आणि जवळून दिसतं. बाराव्या मजल्यावरून समुद्र हा एक निळा पसारा असतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून लाटेला पाठ असते, उतार असतो, वाऱ्याने फाटलेला फेस असतो. लक्षद्वीपकडे जाताना उडते मासे पाण्यातून निघून कितीतरी अंतर तरंगत जाऊन पुन्हा आत शिरतात. तळहाताएवढा तो मासा वरच्या बाल्कनीतून कुणाला दिसणार? रात्री खोलीतला दिवा मालवला नाही तर काचेत तुमचंच तोंड दिसतं, ही तक्रार घेऊन लोक येतात. दिवा मालवा. मग मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे दिसतील, आणि डोळे सरावले की जहाजाने कापलेल्या पाण्याची पांढरी किनारही. आणि पहाटे खोलीत उजेड येतो. आतल्या खोलीत तो येत नाही. दिवस की रात्र हे घड्याळावरून ठरवायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याने खरंच घाबरायला होतं. माझ्या मते खिडकीचे पैसे वसूल होतात ते या एका गोष्टीसाठी.

या पाण्यावरून आपली माणसं काही पहिल्यांदा चाललेली नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याला जायची. डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त. धावत जाऊन सतरंजी टाकायची, जागा धरायची, ट्रंक उशाला घ्यायची, आणि आपल्या बंदराला धक्का नसेल तर भर समुद्रात होडीत उतरायचं. पावसाळ्यात ही लांबची बोट बंद. त्या प्रवासाचे गोडवे मी गाणार नाही. गर्दी होती, ओकाऱ्या होत्या, आणि 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेवर माणसं गेली. पण सगळ्यात कमी पैसे देणाऱ्याला त्या बोटीवर दोन्ही बाजूंचा अख्खा समुद्र मिळायचा, एवढं खरं. त्याच घरांतली आजची पिढी समुद्राला दर लावणाऱ्याला विचारत नाही की हा दर कसला. उलट सगळ्यात वरच्या दराने तो घेतला, हे सांगण्यात तिला भूषण वाटतं.

पोर्टहोलच्या नावाखाली काहीही गळ्यात घालून घ्यावं असा याचा अर्थ नाही. ओशन व्ह्यू या एकाच शीर्षकाखाली कंपन्या गोल काच, मोठं चौकोनी तावदान आणि जिच्यासमोर लाइफबोट टांगलेली आहे अशी खिडकी, सगळं विकतात. त्या तिसऱ्या प्रकाराला 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि त्यातून दिसते ती नारिंगी बोटीची बाजू. अगदी पुढच्या टोकाची पोर्टहोलची खोली स्वस्त मिळते त्यालाही कारण असतं. नीसजवळच्या विलफ्रांशला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, नांगर टाकून उभं राहतं आणि लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतं. तिथे मी पुढच्या टोकाच्या खोलीत होते. नांगराची साखळी पहाटे सुटली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या आजोबांना भूकंप वाटला आणि ते लाइफ जॅकेट घालून बाहेर आले. आमच्या टूर कंपनीच्या माणसाने यावर "सर, इट्स ओके" एवढंच म्हटलं. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर असते, आणि धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर सुरू झाले की पुढच्या बाजूच्या खालच्या खोल्यांत झोप संपते. खोलीच्या डोक्यावर नाचघर आहे की स्वयंपाकघर, हेही बघायचं असतं. वर आणि खाली दोन्हीकडे प्रवाशांच्याच खोल्या असतील तर उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट किती लांब आहे ते बघावं, कारण बुफे सगळ्यात वर असतो आणि जेवणाच्या वेळी लिफ्ट दादर स्टेशनच्या पुलासारखी चालते.

सगळ्यात मोठी फसगत 'गॅरंटी'ची. गॅरंटी केबिन म्हणजे तुम्ही फक्त प्रकार घ्यायचा. नंबर कंपनी ठरवणार, तिच्या सोयीने, बऱ्याचदा निघायच्या तोंडावर. हमी असते ती खोली त्या प्रकाराहून खालची नसेल याची. पुढचं टोक, नाचघराखालची जागा, दूरची लिफ्ट, यांपासून सुटकेची हमी कुणालाच नसते. म्हणूनच तिचा दर कमी असतो, आणि असायलाच हवा. जहाजावर रात्री खोलीत फक्त झोपायला येणाऱ्या तरुणांनी ती खुशाल घ्यावी. पण एखादा एजंट गॅरंटी घेतो, दर मात्र निवडलेल्या खोलीचा लावतो, आणि वर सांगतो की गॅरंटी म्हणजे 'कन्फर्म'. असा एजंट चुकत नसतो. त्याला सगळं माहीत असतं.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी तर या बाजारात दयाच नाही. दर दोघांवर बांधलेला, म्हणून एकटा माणूस बऱ्याचदा दुसऱ्या पलंगाचंही जवळपास पूर्ण भाडं भरतो. विधवा, अविवाहित, ज्यांच्या नवऱ्याला पाण्याची भीती आहे अशा बायका, आपल्याकडे आता खूप जणी एकट्या निघतात. त्यांना बाल्कनी विकणं म्हणजे रिकाम्या खुर्चीचंही भाडं वसूल करणं आहे. त्यांनी गोल काच घ्यावी आणि उरलेल्या पैशात पुढच्या वर्षी पुन्हा जावं.

तेव्हा एजंटला फोन कराल तेव्हा आधी डेक प्लॅन मागा. मग खोलीचा नंबर, कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला, खिडकीसमोर काय, डोक्यावर काय, हे लेखी मागा. नंबर देत नसेल तर गॅरंटीचा दर लाव म्हणून सांगा. डेक प्लॅन द्यायला जो कां-कूं करेल त्याच्याकडे पैसे भरू नका. तो कागद बहुतेक जहाज कंपन्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघायला ठेवलेला असतो.